पोत्यातली माती

घटाभोवती उगवलेल्या कोंबांना हिरानं आडवी बोटं लावून पाहिली. तीन बोटं. नवव्या माळेला एवढीच वाढ. अर्धं बी तर मातीखालीच कुजलेलं.

"बघ," दारातून सासू म्हणाली. "देवी हितं रमतच न्हाई."

रतनबाईचं हे दरवर्षीचं बोलणं. सात वर्षांपूर्वी धरणाचं पाणी गावात चढलं, तेव्हा तिनं भाताच्या खाचरातली माती सिमेंटच्या पोत्यात भरून खाली आणली होती. घट बसायचा तो त्याच मातीत. दसऱ्यानंतर घटाची माती रानात परत टाकायची असते. पण ते रान पाण्याखाली. म्हणून ती माती वाळवायची, चाळायची आणि पुन्हा पोत्यात भरायची. लोणीच्या शिवारात सरकारनं दिलेल्या रानातली चिमूटभर मातीही तिनं देवापुढं येऊ दिली नव्हती.

यंदाचे कोंब बघून हिराच्या नवऱ्यानं, नवसूनंही धीर सोडला होता. हे रान मूळचं इथल्याच सावळेरामच्या बापाचं. सरकारनं ते काढून घेऊन धरणग्रस्तांना दिलेलं. आज सावळेराम खरेदीचा कागद घेऊन येणार होता. सातबाऱ्यावर नवसू आणि हिरा, दोघांची नावं. दोन सह्या झाल्या की रान त्याचं, आणि ही तिघं परत वर, पाण्याच्या काठावरच्या उघड्या माळावर.

हिरानं देव्हाऱ्यामागून एक फुटका मग काढला. घट बसला त्याच दिवशी तिनं त्यात इथल्या रानातली माती भरली होती. बी तेच, पाणी तेच, अंधारही तोच. कोंब वीतभर वाढले होते.

रतनबाईनं तो मग हातात घेतला.

"ही कुठली माती?"

"इहिरीकडल्या तुकड्यातली."

"मला न इचारता देवापाशी ठिवलीस?"

"देवीनं कुटं नगं म्हनलं, आत्याबाई?"

म्हातारीनं तो मग खाली ठेवला. पण देव्हाऱ्यामागं नाही, घटाशेजारी.

बाहेर सावळेराम येऊन ओट्यावर टेकला होता.

"काय नवसूभाऊ, धरणवाल्यांचा घट यंदाबी खुजाच म्हनं? लई चर्चा हाय राव गावात. मातीबी मानूस वळखती."

"वळखती खरं," नवसू हसला. असं हसायची त्याला सवय झाली होती. त्यानं पेनाचं टोपण काढलं.

हिरा ओट्यावर आली. पहिल्या वर्षी ती या रानाच्या बाजूनं बोलली असती तर सासू रडली असती. नंतर बोलली असती तर नवरा रुसला असता. असं करत सात वर्षं गेली. सातही वर्षं या रानानं बाजरी दिली. पोट इथल्या रानानं भरलं आणि घरानं हात जोडले ते बुडालेल्या खाचराला.

"भावजी," ती सावळेरामला म्हणाली, "तुमच्या बानं हे रान निगुतीनं कसलं. त्येचंच फळ आमी खातो. उद्या दसऱ्याला बांधावर कनसं ठिवीन, तवा त्यांचंबी नाव घीन."

"नाव कशाला? रान द्या की."

"तुमचं सरकारनं नेलं, आमचं पान्यानं. दोन्ही मीच भरून द्यायचं व्हय?"

सावळेरामचा चेहरा क्षणभर उतरला. मग तो नवसूकडं वळला. "कारभारीन तुमची वकील झाली की वो!" आणि हिराला म्हणाला, "वयनी, खरं सांगा. तुमचं मन वरच हाय ना? सारा गाव जानतो."

"वरच हाय."

"मंग?"

नवसूचं पेन कागदावर टेकलेलं राहिलं. आतला रतनबाईच्या भांड्यांचा आवाज थांबला.

"मन ऱ्हाऊ दे तिकडं. मी हितनं हलनार न्हाई, आन् सही करनार न्हाई."