तीन पिसं

लेकीच्या लग्नात अरविंदरावांना मिळवायचा होता एकच फोटो, वॉटफर्डच्या मराठी मंडळाला जळवणारा. म्हणून एडिनबरात भाड्याने घेतलेल्या स्कॉटिश टोपीत त्यांनी गरुडाची तीन पिसं खोचली.

"मुलीचा बाप आहे, तुरा नको?"

ते हॉलमध्ये शिरले आणि नवरदेव यूअनकडची मंडळी बोलायची थांबली. एका म्हातारीने डोळे पुसले.

तनिषा धावत आली. "बाबा, काढा! तीन पिसं फक्त त्यांच्या कुळाच्या प्रमुखाची. ते म्हणजे यूअनचे आजोबा, घरी आजारी आहेत. ते गेल्यावरच ती पिसं दुसऱ्याच्या टोपीत येतात."

"अगं, काढतो की!"

पिसं निघायच्या आत तिच्या सासूचा फोन वाजला: आजोबा गेले होते.

फोटो अरविंदरावांना मिळाला. किंमत तनिषाने मोजली: ती पांढऱ्या पायाची ठरली, तेही वॉटफर्डच्या मंडळातल्या मावश्यांकडून.