मैनाची फिल्म

सायखेड्याचा लहानू मंजुषानंच दिलेलं कुत्रं दोन्ही हातांत उचलून जनावरांच्या दवाखान्यात शिरला, तशी मंजुषा बाकावरून उठलीच. वर्षाचं होत आलेलं लॅब्रॅडॉर! या वयात त्यानं धन्याला ओढत आणायला हवं होतं. सकाळी लहानूचा फोन आल्यावर तिनं डॉक्टर सुमेधांना विचारलं, तेव्हा त्यांनी पिल्लाच्या आईलाही घेऊन या म्हणून सांगितलं होतं. ती आई, म्हणजे मंजुषाची लाडकी मैना, लेकराला हुंगत शेपटी हलवत होती.

"ताई, याला उठायलाच येत नाय," लहानू म्हणाला. "आन् पळतो कसा, मागचे दोन्ही पाय जोडून, सशावानी. आधी आमी लय हसायचो."

डॉक्टरांनी पिल्लाचा मागचा पाय हळूच ताणला, तसं ते कळवळलं. "खुब्याचा सांधा सैल आहे. वाटी उथळ, त्यात गोळा नीट बसत नाही. बऱ्याचदा हे आईबापांकडून येतं."

"पण मैनाचा एक्स-रे चांगला होता!" मंजुषा जवळजवळ ओरडलीच.

होताच मुळी. लोक नातवंडांचे फोटो दाखवतात तशी ती फिल्म तिनं आल्यागेल्याला खिडकीशी धरून दाखवली होती. बघणाऱ्यांनी माना डोलावल्या होत्या. खुब्यातलं कुणाला काय कळतंय! त्या फिल्मच्या भरवशावर मैनाला पिल्लं होऊ दिली, आणि चांगली घरं बघून ती दिली. पुढच्या खेपेसाठी नरसुद्धा ठरला होता.

डॉक्टरांनी फिल्म उजेडात धरली. "दुसरीकडे काढलीत ना? भूल न देता?"

काढली होती खरी. मंजुषाचा आधीचा कुत्रा शेरू, दात काढायला म्हणून भूल दिल्यावर पुन्हा उठलाच नव्हता. त्यामुळे मैनाच्या वेळी तिनं हट्ट धरला होता, भूल नाही म्हणजे नाही. तिनं स्वतः मैनाचे पाय धरले, कानाशी लागून गोंजारलं, आणि मैना ताठ पडून राहिली. किती शहाणी म्हणून सगळ्यांनी कौतुकही केलं होतं.

"शहाणी नाही, घाबरलेली होती," डॉक्टर म्हणाल्या. "घाबरलेलं कुत्रं अंग आवळून धरतं. स्नायूंनीच सांधा जागेवर दाबून ठेवला, तर सैलपणा दिसणार कसा? भूल दिली तरी शंभर टक्के खात्री नसते. पण या फिल्मवर तर अजिबात विसंबता येत नाही."

"मग आता?"

"तुमची तयारी असेल तर भूल देऊन पुन्हा काढू."

मैनाला घेऊन तडक घरी पळावं, असंच मंजुषाला वाटलं. पण लहानूचं पिल्लू फरशीवर उठायची धडपड करत होतं. पुढचे पाय उभे राहत, मागचे घसरत. मान फिरवून ती म्हणाली, "द्या."

मैनाची मान तिच्या हातात जड झाली, जीभ एका बाजूला लोंबली. शेरूचीही अश्शीच लोंबली होती. बाहेर बाकावर बसून ती आधी काळारामाला नवस बोलली, मग आठवतील तेवढ्या देवांना. एकाच्याच भरवशावर राहायची तिची छाती नव्हती.

"उठंल ताई, नका भिऊ," शेजारून लहानू म्हणाला. त्याचं पिल्लू पायाशी लुळं पडलेलं, आणि तोच तिला धीर देत होता. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नवी फिल्म समजावून सांगायला डॉक्टरांची गरजच पडली नाही. दोन्हीकडचे गोळे वाटीतून बाहेर सरकलेले उघड दिसत होते.

"हिला आता पिल्लं नकोत," डॉक्टर एवढंच म्हणाल्या.

मैनानं डोळे किलकिले केले. शेपटी एकदा फरशीवर आपटली. मंजुषा तिच्या गळ्यात पडून हमसून हमसून रडली. जिवंत आहे ना, बस्स, आणखी काही नको, असं तिला घटकाभर अगदी मनापासून वाटलं.

तेवढ्यात मोबाइल वाजला. 'मैनाची बाळं' हा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप तिनंच हौसेनं काढला होता. नांदगावच्या प्रतिभानं व्हिडिओ टाकला होता. अंगणात पिवळं पिल्लू धावत होतं, मागचे दोन्ही पाय जोडून, टुणटुण. खाली लिहिलं होतं, "आमचा ससा!" त्याखाली सटाण्याहून कुणीतरी उत्तर दिलं होतं, "आमचाही अस्साच!" आणि पुढे हसऱ्या चेहऱ्यांची रांग.

मंजुषाचा अंगठा पडद्यावर थांबला. काय लिहायचं? लहानूही वाकून बघत होता. तो आता हसत नव्हता.