सुई चार हजारांवर

निरुपमा दुसऱ्या गिअरमधून तिसऱ्यात जायला फार वेळ लावायची, आणि तेवढ्या वेळात हेरंब चिटणीस दोनदा तरी टोकायचे.

गाडी अकरा वर्षांची, लहानशी, पेट्रोलवरची. हेरंबांनी ती तळहातावरच्या फोडासारखी जपली होती. समोरच्या तबकडीवर इंजिनाच्या फेऱ्यांची सुई अडीच हजारांपलीकडे जाऊ द्यायची नाही, हा त्यांचा नेम. पण गेल्या दिवाळीनंतर त्यांच्या उजव्या, त्यातल्या त्यात चांगल्या डोळ्याचा पडदा सुटला. ऑपरेशन झालं, थोडंफार दिसूही लागलं, पण डॉक्टरांनी गाडी चालवायला साफ मनाई केली.

त्याच सुमारास सावली गावातल्या एका शाळेतून निरुपमेला बोलावणं आलं. तीस वर्षं गणित शिकवून ती निवृत्त झाली होती. तिथे नववी-दहावीच्या मुलींना शिकवायला कुणी मिळत नव्हतं. मंगळवार आणि शुक्रवार, दोनच दिवस. शहरातल्या त्यांच्या सुभानपुऱ्याहून सावली तीसेक किलोमीटर. बस दोनदा बदलावी लागणार. तेव्हा एकसष्टाव्या वर्षी ती गाडी शिकली आणि परवाना घेऊन आली. हेरंब सोबतीला म्हणून शेजारी बसू लागले.

सोबत कसली! ते इंजिन ऐकायला बसत. गाडी मध्येच बंद पडेल या धास्तीने निरुपमा अॅक्सिलरेटरवरचा पाय दाबूनच ठेवायची. सुई चार हजारांवर जायची, कधी साडेचार. इंजिन असं ओरडायचं की हेरंबांना आपलंच कोणीतरी कण्हतंय असं वाटायचं.

"अगं, गिअर बदल."

"बदलते ना."

"कधी? सावली आल्यावर?"

"अहो, वर्गात मुलगी फळ्यासमोर उभी असताना मी अशी मागून बोलत नसे," निरुपमा म्हणायची आणि सावकाश तिसरा टाकायची.

मार्चच्या सुरुवातीला त्यांनी बॉनेट उघडून तेल तपासलं. पातळी खालच्या खुणेच्याही खाली गेलेली! त्यांनी लगेच जगदेवरावांना फोन लावला. हरणीला राहणारे जगदेवराव त्यांचे जुने स्नेही. एका कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये त्यांची हयात गेलेली.

"सारखं फार रेस केलं तर काय होतं हो?"

"झीज वाढते. पिस्टनच्या रिंगा झिजतात, तेल जळतं, उष्णता वाढते," जगदेवराव म्हणाले. "पण हेरंबराव, त्यातही फरक आहे. इंजिन थंड आहे की गरम, तेल किती आहे..."

पुढचं हेरंबांच्या कानांत शिरलंच नाही. झीज वाढते, तेल जळतं. एवढ्या दोन वाक्यांवर त्यांनी रात्र काढली. तेल त्यांनी दुसऱ्याच दिवशी भरलं, पण मन भरेना. ही गाडी गेली तर दुसरी कशी येणार? आणि ती भर रस्त्यात, वाटेतल्या मंजुसरच्या उन्हात बसली तर निरुपमा काय करणार? आपण तर स्टिअरिंगला हातही लावू शकत नाही.

सोमवारी संध्याकाळी ते पार्किंगमध्ये उतरले. जुन्या पायपुसण्याचा जाड रबरी तुकडा कापून त्यांनी त्याच्या चार घड्या केल्या, चिकटपट्टीने आवळल्या, आणि अॅक्सिलरेटरच्या पेडलखाली, अगदी तळालगत घट्ट बसवला. पेडल दाबून पाहिलं. अर्ध्याच्या खाली जाईना. छान. ते वर आले. निरुपमेने विचारलं, "खाली काय करत होता?" ते म्हणाले, "काच पुसत होतो."

मंगळवारी सकाळी शहराच्या टोकाला, छाणीपर्यंत सगळं ठीक होतं. गर्दीत कोणालाच वेग नव्हता. इंजिन शांत होतं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच हेरंबांनी पाठ टेकली.

दुमाड चौकडीचा चौक ओलांडल्यावर निरुपमा म्हणाली, "आज गाडी जड का वाटतेय?"

"चढ असेल."

"इथे कसला चढ? मी दाबतेय, पण ती ओढतच नाही."

आता सांगावं, असं त्यांना वाटलं. शब्द ओठांवर आलेही. पण ती चिडेल, गाडी बाजूला घेईल, शाळेला उशीर होईल. सावलीला पोहोचलो की ती वर्गात गेल्यावर गुपचूप काढून टाकू. वीस मिनिटांचा तर प्रश्न. त्यांनी खिडकीचं हँडल धरून ठेवलं.

मंजुसर मागे पडलं. पुढे एका बाजूचं डांबरीकरण चाललं होतं, म्हणून येणारी-जाणारी वाहनं उरलेल्या बाजूवर आणली होती. समोर गवताच्या भाऱ्यांनी शिगोशीग भरलेला ट्रॅक्टर, आपल्याच लयीत चाललेला. निरुपमेने घड्याळ पाहिलं. पुढचा रस्ता मोकळा दिसत होता. तिने गाडी उजवीकडे काढली.

"नको," हेरंब म्हणाले.

"अहो, लांबवर कोणी नाही."

ती ट्रॅक्टरच्या मध्यापर्यंत पोहोचली आणि वळणावरून डंपर निघाला. तिने गिअर खाली घेतला, जसा घ्यायला हवा तसा, आणि पाय दाबला. पेडल अर्ध्यावर अडलं. तिने पुन्हा दाबलं, पूर्ण जोर लावून. गाडी ट्रॅक्टरच्या चाकाशी चाक लावून धावत राहिली, पुढे सरकली तरी इंचाइंचाने.

"जात नाहीये! अहो, जात नाहीये!"

हेरंबांना डंपर नीट दिसतही नव्हता, नुसता एक पिवळा ठिपका मोठा होत होता. हॉर्न मात्र छातीत घुसला. "ब्रेक! निरू, ब्रेक!" ते ओरडले.

तिने ब्रेकवर उभं राहावं तसा पाय दिला. ट्रॅक्टर पुढे सरकला, ती त्याच्या मागे डावीकडे शिरली. मागचा टेम्पो करकचून ब्रेक लावून थांबला. यांची गाडी कडेच्या मातीत उतरली आणि धूळ उडवत उभी राहिली. डंपर वाऱ्यासारखा निघून गेला.

टेम्पोवाला धावत आला. "बेन, मरवुं छे के शुं?" पण तिचा चेहरा पाहून त्याचा आवाज खाली आला, लागलं का, पाणी देऊ का, असं तो विचारू लागला. "वाग्युं तो नथी ने? पाणी आपुं?"

निरुपमेने मान हलवली. टेम्पोवाला गेल्यावर ती म्हणाली, "पेडल अडकलं होतं. काहीतरी अडकलंय खाली." आणि ती वाकू लागली.

"थांब," हेरंब म्हणाले. "मला माहीत आहे."

ते उतरले, पलीकडून फिरून आले, तिच्या पायांशी गुडघे टेकले आणि तुकडा ओढून काढला. चिकटपट्टी चरचरत सुटली. निरुपमा त्या घड्यांकडे, त्या नीट कापलेल्या कडांकडे पाहत राहिली.

"हे कधी लावलंत?"

"काल संध्याकाळी."

"काच पुसत होता तेव्हा?"

हेरंब गुडघ्यांवरून उठले. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने तुकडा हातातून घेतला, मागच्या सीटवर टाकला, पाण्याची बाटली उघडून दोन घोट घेतले. "मुली वाट पाहत असतील," ती म्हणाली. "बसा."

तिने गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली. दोनदा सुई चार हजारांवर गेली. हेरंबांनी हात मांडीवर ठेवले.

बुधवारी जगदेवराव घरी आले. हेरंबांनी सगळं सांगितलं, काही न लपवता. जगदेवरावांनी बॉनेट उघडलं, इंजिन चालू करून बराच वेळ कान लावला, तेल बोटांवर घेऊन चोळलं.

"वहिनी सारखी चार हजारांवर ठेवतात, ते चांगलं नाही. पेट्रोल जास्त जातं, झीजही होते, खोटं कशाला बोलू? पण धोक्याचा लाल पट्टा साडेसहा हजारांना सुरू होतो. गरम झालेलं इंजिन तेवढं सोसतं, आणि कुणाला मागे टाकताना तर लागतंच. इंजिनाचा खरा घात वेगळ्याच गोष्टीने होतो. सकाळी थंड गाडी चालू करून लगेच रेस कोण करतं?"

हेरंब खाली पाहू लागले. डोळ्याचं झाल्यापासून बॅटरी उतरू नये म्हणून रोज सकाळी ते खाली जात आणि गाडी जागेवरच उभी करून दोन मिनिटं घर्रघर्र रेस करत. तेवढंच स्टिअरिंगमागे बसणं उरलं होतं.

"तेल वर चढायच्या आत तुम्ही तिला पळायला लावता," जगदेवराव म्हणाले. "आणि तेल किती महिने पाहिलं नव्हतंत?"

"ऑपरेशनपासून नाही."

"झालं तर मग."

जगदेवराव गेल्यावर निरुपमा चहाचे कप उचलता उचलता थांबली. "गाडीचं सोडा. मला एक सांगा, तुम्ही मला सांगितलं का नाही?"

"रोज सांगत होतो की."

"ती टोचणी होती. पेडलखाली काही लावलंय, हे सांगायचं होतं. रस्त्यात विचारलं तेव्हाही चढ म्हणालात."

हेरंब खुर्चीत टेकले. मग म्हणाले, "मला समोरचं धड दिसत नाही, निरू. नुसतं ऐकू येतं. आणि ऐकताना वाटतं, सगळंच मोडायला आलंय."

ती त्यांच्यासमोर बसली. तिने हात धरला नाही. "शुक्रवारी मी एकटी जाणार," ती म्हणाली. "पुढचं पुढे बघू."

शुक्रवारी साडेसातला ती निघाली. हेरंब गॅलरीत उभे राहिले. गाडी फाटकातून बाहेर पडली, दुसऱ्या गिअरमध्ये ओरडली, आणि मग कोपऱ्यावर, नेहमीपेक्षा थोडी लवकर, आवाज खाली आला. ते आत आले, फोन समोर ठेवून बसले. आठ वाजले, सव्वाआठ. तो डंपर पुन्हा पुन्हा समोर येत होता. आठ पस्तीसला फोन वाजला.

"पोहोचले," निरुपमा म्हणाली. मागे मुलींचा गलका होता.

"बरं," हेरंब म्हणाले. "निघताना फोन कर."

"करीन."

फोन ठेवून ते तिथेच बसले. परतीचा रस्ता अजून बाकी होता.