ललितचा बँजो कोण रडवतं?

गोजराबाईंच्या ओसरीत पाय ठेवायला जागा नव्हती. मखमलाबादची निम्मी आळी आत लोटली होती आणि उरलेली अंगणात टाचा उंचावून उभी होती. चौरंगावर ललितचा बँजो, त्यावर झेंडूचा हार, मागे ललितचाच मोठा स्पीकर. वरातीत बँजो वाजवणारा गोजराबाईंचा हा एकुलता एक मुलगा नामपूरचं लग्न आटोपून परतताना टेम्पो उलटून वारला होता. तरी त्याचा बँजो बोलत होता.

"ललित, बाळा, आलास का?" नादनाथ महाराजांनी घोंगडीवर बसल्या बसल्या डोळे मिटून विचारलं.

बँजोजवळ कुणीही नव्हतं. तरी तारा आधी गुणगुणल्या, मग घसा फाटल्यासारखा खरखरीत, लांबच लांब हंबरडा फुटला. बायकांनी तोंडाला पदर लावले.

"ही आत्म्याची फ्रिक्वेन्सी! अमावास्येला नेटवर्क फुल असतं," महाराज म्हणाले. जणू वरच्या लोकांचं रिचार्ज यांच्याच दुकानात मिळत होतं!

छाया, ललितची थोरली बहीण, देवळाली कॅम्पला शाळेत विज्ञान शिकवायची. बुवाबाजीवर तिनं मुलांपुढे मोठमोठी भाषणं ठोकली होती. पण हा हंबरडा तिच्या ओळखीचा होता. नवरदेव मांडवाच्या दारात आला की ललित बँजो अस्साच रडवायचा. हे खोटं असणार हे तिला कळत होतं, आणि तरी वाटत होतं, असू दे, तोच असू दे.

पण समोर आई बसली होती, ओठ सुकलेले, डोळे खोल गेलेले. मागच्या बैठकीत महाराजांनी विचारलं होतं, "आईनं सुया टोचून घेऊ नयेत ना, ललित?" आणि बँजो रडला होता. तेव्हापासून गोजराबाईंनी इन्शुलिन सोडून अंगाऱ्याचं पाणी धरलं. साखर इतकी चढली होती की डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, असंच चाललं तर शुद्ध जाईल, मग आमच्याही हातात काही राहणार नाही.

"आई, पाया पडते, आज तरी इंजेक्शन घे."

"माझा लेक रडून नको म्हणतोय, आन् मी टोचून घेऊ? त्याला लय तरास व्हतो गं, छाये."

महाराजांनी पुढचा प्रश्न टाकला. या वेळी हंबरड्याच्या आधी छायाला बारीकसं 'टक' ऐकू आलं. घरी सराव करताना बँजो रडवायच्या आधी ललित पायाखालची, आवाज वाढवायची डबी अशीच दाबायचा. तिनं बँजोची वायर नजरेनं धरली. ती सरळ स्पीकरकडे जात नव्हती, महाराजांच्या घोंगडीखाली शिरत होती.

छाया उठली आणि तिनं तारांवर तळहात दाबून धरला. रडणं जागच्या जागी थांबलं.

"हात काढ! आत्मा घुसमटतोय!"

"घुसमटू द्या. आई, ललितची डबी तू घरभर शोधलीस ना? ती यांच्या मांडीखाली आहे."

गोजराबाई भिंतीला धरून उभ्या राहिल्या. "उठा, म्हाराज."

"आसन मोडलं तर घराण्याचा नाश..."

"आता कोन राह्यलंय नाश व्हायला? उठा म्हनते ना!"

घोंगडीखाली लोखंडी डबी निघाली. तिच्यावर छायाच्याच नेलपेंटनं 'ललित' लिहिलेलं होतं. छायानं झाकण काढून आतली बॅटरी उपसली.

"विचारा आता काय विचारायचं ते."

महाराजांनी दोनदा हाक मारली. बँजो गप्प.

"आत्मा रुसला," ते पुटपुटले.

"कुठल्या आत्म्याला नऊ व्होल्टची बॅटरी लागते हो?"

अंगणातून कुणीतरी फिसकन हसलं. छायानं मात्र हसण्यावारी नेलं नाही, सगळं नीट समजावलं. तारेची कुजबुजसुद्धा ही डबी शेकडो पटींनी वाढवते. वाढलेल्या आवाजाची लाट एका मर्यादेवर गेली की आतले डायोड तिची वरची आणि खालची टोकं कापतात, शिगेनं भरलेलं माप हातानं सपाट करावं तशी. टोकं कापली गेली म्हणून आवाज खरखरतो. तोच आवाज स्पीकरमधून येऊन तारांना पुन्हा हलवतो, त्या पुन्हा डबीला आवाज देतात, आणि हे चक्र फिरत राहतं. म्हणून हात न लावता बँजो रडतो.

तिनं बॅटरी परत घातली, डबी आईच्या पायाशी ठेवली. "दाब."

टक. बँजो रडला. टक. थांबला. गोजराबाईंनी पुन्हा दाबलं, पुन्हा थांबवलं.

"मंग इतके दिस माझा ललित रडत नव्हता?"

"नाही आई. त्याला आता काही दुखत नाही. तो कुठंही रडत नाहीये."

गोजराबाई मटकन खाली बसल्या आणि लेक गेल्यापासून पहिल्यांदाच पोटभर रडल्या. पोराचं रडणं ऐकून त्या माउलीनं किती रात्री काढल्या असतील! महाराज चपला शोधत होते. त्यांच्या वाटेत कुणी आलं नाही, आणि त्यांच्या पायाही कुणी पडलं नाही.

डोळे पुसून गोजराबाईंनी दंड पुढे केला. छायानं सुई भरली. लोक अजून ताटकळत होते.

"बघत काय बसलात? घरी जा," गोजराबाई म्हणाल्या. "आन् पुन्यांदा कुनी मेलेल्या मान्साचा आवाज ऐकवला, तर हात जोडायच्या आदी वायर कुठं जाती ते बघा."