काकूंची सवत

"उठा, माझी सवत रुसली," काकू म्हणाल्या.

काकांनी घास तोंडात तसाच धरून मान वळवली. स्वयंपाकघराच्या दारातून पॅसेजमधलं शेल्फ दिसत होतं. त्यावरचा निळा दिवा विझला होता. डोक्यावरचा पंखा मात्र फिरत होता, म्हणजे वीज काही गेली नव्हती.

"जेवून घ्या आधी. पळून नाही जात ती."

"अगं, तिकडं त्यांची कामं अडतात," म्हणत काका खरकट्या हाताने उठलेच.

सवत म्हणजे मुलाचा कॉलेजातला लॅपटॉप. त्याचा स्क्रीन तडकला होता, बॅटरी फुगली होती. मागच्या खेपेला आला तेव्हा मुलाने दोन्ही उचकटून काढले, उरलेलं धड चपलांच्या वरच्या शेल्फावर आडवं ठेवलं, त्याला दोन डिस्क जोडल्या आणि इंटरनेटची वायर खुपसली.

"बाबा, हा आता आपला घरचा सर्व्हर. सगळ्यांचे फोटो, कागदपत्रं यात राहतील. मी तिकडून उघडेन, ताई तिच्या घरून उघडेल. फक्त बंद पडू द्यायचा नाही. बॅटरी नाहीये, त्यामुळे वीज क्षणभर गेली तरी हा मरतो, आणि परत वीज आली तरी आपणहून उठत नाही. मग इथं दाबायचं."

दाबायच्या जागी बटणाची टोपीही नव्हती, नुसतं भोक होतं. त्यासाठी काडेपेटी शेजारी ठेवलेली.

काकांना हे मनापासून आवडलं होतं. मुंडकं गेलं, अंगातला जोर गेला, तरी चार माणसांच्या उपयोगी पडतंय. देवाने म्हातारपण द्यावं तर असं.

त्यांनी अडॅप्टरच्या पिनेवरची चिकटपट्टी डाव्या अंगठ्याने दाबली, भोकात काडी घातली. आतला पंखा घरघरला, दिवा लागला. हात धुऊन ते पाटावर बसतात न बसतात तोच फोन वाजला. लॅपटॉप मेला की मुलाच्या फोनवर तसा निरोप जात असे.

"बाबा, बंद पडला का?"

"पडला होता. उठवला."

"परत पिनच का?"

"पिनच असणार. ढिली झालीय."

"द्या इकडं," काकूंनी फोन घेतला. "जेवलास का रे? खोकला गेला? आवाज तर अजून घोगराच आहे. वाफ घे म्हटलं होतं मी. छकुली कुठाय?"

नात आली. "आजी, माझा दात पडला."

"मग आता खाणार कशानं? आजोबांचे उरलेत थोडे, त्यातला पाठवू एक?"

तिकडे हसू फुटलं. इकडे काकू पदराने डोळे पुसत हसत होत्या. फोन ठेवल्यावर भांडी घासताना त्यांनी भजन धरलं ते पातेली पालथी घालेपर्यंत सोडलं नाही.

आता मुलगा काही वाईट नव्हता. रविवारी फोन करतो म्हणायचा, आणि रविवारी दमलेला असायचा. पण सर्व्हर पडला की त्याला फोन करावाच लागे.

काकांची सगळी नोकरी गावाच्या पाणीपुरवठ्यावर, पंपाजवळ गेली. अजूनही लोक त्यांना पंपवाले काका म्हणत. बदली माणूस मिळाल्याशिवाय जागा सोडायची नाही, हा तिथला नियम. सासरे वारले तेव्हाही ते दुपारी जाऊन संध्याकाळी पंपावर परत आले होते. काकू तेव्हा म्हणायच्या, निवृत्त झालात की माझ्या बहिणीकडे जाऊन महिनाभर राहू. तिच्या गल्लीत एक म्हातारे गृहस्थ संध्याकाळी गात गात देवाच्या गोष्टी सांगत, ते ऐकायला काकूंचा जीव आसुसलेला असे.

निवृत्ती आली, आणि मागोमाग शेल्फावर ही आली. आता दोघं मिळून साधं भाजीला जाणंही बंद झालं. एक जण बाहेर, एक जण घरात. बहिणीकडे न्यायची बॅग पलंगाखाली भरलेली पडून होती. तिचा फोन आला की काकू म्हणत, "येणार गं. पण यांना सोडवत नाही. आधी पंप होता, आता ही आहे. माझ्या नशिबी सवतच." आणि काका अपराधी चेहरा करून खिडकीबाहेर बघत.

मुलाने नवीन अडॅप्टर पाठवला. त्याची पिन घट्ट बसली. तरी आठ-दहा दिवसांनी, नेमकी जेवणाच्या वेळेला, सवत पुन्हा रुसली.

काका काडी घेऊन उभे राहिले. पिन हलवून पाहिली, हलेना. वायर चाचपत ते खाली भिंतीपर्यंत आले आणि थांबले. भिंतीवरचा खटका चालूच होता. पण काळ्या खटक्यावर पिठाचं बोट उमटलेलं होतं, ताजं. खाली ढकलल्याचं एक आणि वर ओढल्याचं एक.

आत काकू परातीपाशी पाठमोऱ्या बसून पीठ मळत होत्या. मनगट जरा जोरातच चाललं होतं.

काकांनी सदऱ्याच्या टोकाने खटका स्वच्छ पुसला, भोकात काडी घातली आणि आत येऊन बसले.

"काय झालं होतं?" काकूंनी मागे न बघता विचारलं.

"काही नाही. जुनं यंत्र. चालायचंच."

फोन आलाच. या खेपेला मुलाच्या आवाजात वैताग होता. "बाबा, मी इथून नोंद बघितली. पिन नाही, वीजच तुटतेय. तिकडं वीज जाते का?"

काकांनी काकूंकडे पाहिलं. त्या परातीत बघत होत्या.

"जाते रे," काका म्हणाले. "हल्ली फार जाते."

आयुष्यभर पंपाच्या नोंदी खऱ्या लिहिलेला तो माणूस. बोललेलं खोटं त्यांना टोचलं. पण काकू हात धुऊन फोन घ्यायला उठल्या, आणि छकुलीने नव्या दाताचं टोक कुठवर आलं ते सांगायला सुरुवात केली, तेव्हा ती टोचणीही गेली. त्यानंतर खटका कधी पुसायचा राहिला नाही.

मग एका सकाळी दिवा छान लागलेला असताना मुलाचा फोन आला.

"बाबा, सुटलात तुम्ही. इतकी वीज जाते म्हटल्यावर मीच विचार केला. इथं माझ्या घरीच नवीन बसवलाय. आठवडाभर सगळं इकडं ओढून घेत होतो, काल संपलं. हा वीज गेली तरी तासन्‌तास चालतो, बंद पडला तर आपणहून उठतो. कुणी बघावं लागत नाही."

"असं?" काका म्हणाले.

"तो जुना बंद पडला तरी आता माझ्या फोनवर निरोप येत नाही. देऊन टाका भंगारात. तुम्ही दोघं मावशीकडं जा खुशाल. किती दिवस चाललंय आईचं."

काकूंनी फोन घेतला. "बरं केलंस रे बाळा," त्या म्हणाल्या. "उगीच तुझ्या जिवाला घोर."

"मी करतो गं रविवारी."

"कर. सवड झाली की कर."

त्या दिवशी काकांनी पलंगाखालची बॅग बाहेर ओढली, धूळ झटकली. "उद्या निघायचं?"

"उद्या कुठं? कपडे वाळायचेत."

तिसऱ्या दिवशी काकूंचे गुडघे दुखत होते. पुढच्या आठवड्यात हवा बदलेल असं त्यांना वाटत होतं. बहिणीचा फोन आला तेव्हा त्या म्हणाल्या, "येणार गं, पण यांचं अजून आवरत नाही," आणि पलीकडून बहीण काकांच्या नावाने बोटं मोडत असणार हे माहीत असूनही काका गप्प राहिले. बॅग पुन्हा पलंगाखाली गेली. भंगारवाला खालून ओरडत जाई. त्याला कुणी हाक मारली नाही. शेल्फावर निळा दिवा जळत होता, आणि त्या दिव्याची आता कुणालाच गरज नव्हती.

दोन रविवार गेले.

त्या दुपारी काकू ताटं वाढत होत्या. काका हात धुवायला म्हणून उठले, पॅसेजमध्ये गेले आणि परत येऊन पाटावर बसले. काकूंनी त्यांच्या ताटात वाढता वाढता सहज दाराबाहेर पाहिलं. शेल्फावर अंधार होता. त्यांनी आपल्या बोटांकडे पाहिलं, मग काकांकडे. काका मान खाली घालून मीठ कालवत होते.

त्यांनी सवतीचं नाव काढलं नाही. ओट्यावरचा फोन उचलून त्यांनी दोन ताटांच्या मध्ये ठेवला, पदराने त्याची काच पुसली आणि समोर बसल्या.

दोघंही सावकाश जेवली. वाढायचं संपलं, ताटं पुसून निघाली, तरी कुणी उठलं नाही. वर पंखा फिरत होता. खरकटे हात ताटावर तसेच धरून ती दोघं बसून राहिली, हात वाळून कडक होईपर्यंत.