दोन फूट वजा

मित्रांनो, मी एक जुना टेप आहे. गाणी वाजवणारा नव्हे, घरे मोजणारा. चामड्याच्या चपट्या डबीत माझी पन्नास फुटांची कापडी फीत गुंडाळलेली असते. खरे तर आता अठ्ठेचाळीसच फूट उरले आहेत. सांगायचे आहे ते त्याबद्दलच, आणि वेळ थोडा आहे.

कारखान्यातून मी कोरा करकरीत थेट नगरपालिकेच्या ओव्हरसियरच्या हातात आलो. तीस वर्षे आम्ही दोघांनी घरे मोजली. नातवंड झाले म्हणून वाढवलेली खोली, सासू-सुनेचे पटेना म्हणून घातलेली दुसरी मोरी, सगळे मी मोजले आहे. "टेपला भीड नसते," असे ओव्हरसियर लोकांना सांगायचा आणि मी फुशारून जायचो.

एकदा एका घरमालकाच्या कुत्र्याने माझे तोंड पकडले ते सोडलेच नाही. पहिल्या दोन फुटांचा त्याने चावून चोथा केला. नवा टेप मागितला, तर ऑफिसने विचारले, "हा अजून गुंडाळला जातो ना?" ओव्हरसियरने माझी पितळी कडी उरलेल्या टोकाला शिवून टाकली आणि दर मापातून दोन फूट वजा करू लागला. पुढे पुढे हे त्याच्या इतके अंगवळणी पडले की तो आकडा मनातच कमी करून कागदावर उतरवायचा. कधी चुकला नाही, आणि कधी कुणाला बोललाही नाही.

तो निवृत्त झाला आणि त्याच्या पुतणीला तीच खुर्ची मिळाली. हुशार, कष्टाळू मुलगी. काकाने मला पुसून, तेलपाणी करून तिच्या हातात ठेवले. दोन फुटांचे सांगायचे मात्र राहून गेले.

तोवर आमच्या भागात नवेच पेव फुटले होते. एक बिल्डर बैठी घरे विकत घेई, पाडी आणि तिथे अवाढव्य बंगले उठवी. त्यांत कुणी राहायला येत नसे. एकाने घ्यायचा, कुलूप लावायचे, दुसऱ्याला चढ्या किमतीत विकायचा. मी त्या दिवाणखान्यांत पूर्ण उलगडलो तरी समोरची भिंत गाठता येत नसे, आणि तिथे माणसांऐवजी नुसता भाव वाढत होता. शेवटी घराच्या आकाराला मर्यादा घालावी असा ठराव आला. वस्तीत उभी फूट पडली.

शेवटच्या बंगल्याच्या जागेशेजारी एक शिंपीण राहते. दोन खोल्या, शिलाई मशीन आणि अंथरुणाला खिळलेले वडील. बंगल्याच्या तळघरासाठी खड्डा खणायला लागले आणि तिच्या भिंतीला तडा गेला. माती भुसभुशीत, म्हणून खड्डा शेजारच्या भिंतीपासून दहा फूट लांब हवा, असा नियम आहे. पुतणीने माझी कडी तिच्या भिंतीवरच्या खिळ्यात अडकवली, मला खड्ड्यापर्यंत ताणले आणि लिहिले : दहा फूट. मित्रांनो, माझ्या जिवाचे पाणी पाणी झाले. ते आठ होते!

ठरावाच्या सभेत शिंपीण उभी राहिली. "राहायला बांधा, कोण नाही म्हणतंय? विकायला बांधता, आणि भिंत माझी फाटते!"

"माझ्या जागेत मी किती मोठं बांधायचं, ते तुम्ही सांगणार?" बिल्डर म्हणाला. "माप काय आलं तेवढं विचारा."

"दहा फूट. मी स्वतः मोजलंय," पुतणीने प्रामाणिकपणे सांगितले.

सभा हसली. बाईला मोठी घरे बघवत नाहीत, असे कुणीतरी पुटपुटले. ठराव चार मतांनी पडला. तडा जुनाच आहे, भिंतीला धोका नाही, असा कागद शिंपिणीला मिळाला.

आज रविवार. जेवताना पुतणीने ही हकिगत काकाला सांगितली. त्याचा घास हातातच राहिला.

"दोन वजा केलेस ना?"

"कुठले दोन, काका?"

दोघे तसेच उठून मला घेऊन शिंपिणीच्या घरापाशी आले. पुन्हा मोजले. आठ. खिडकीतून आत दिसले : तड्याच्या भीतीने दुसऱ्या खोलीत हलवलेली वडिलांची खाट शिंपिणीने परत त्याच भिंतीला लावली होती. सरकारी कागदावर तिने विश्वास ठेवला होता.

"काका, आता दार ठोठावलं तर आख्खी गल्ली गोळा होईल," पुतणी दबक्या आवाजात म्हणाली. "रीतसर पत्र देते. उद्या दहाला, ऑफिस उघडलं की पहिलं काम तेच."

ओव्हरसियर मला गुंडाळू लागला. त्याचीही चूक होतीच.

मी आता पुतणीच्या पिशवीत आहे. ऑफिस दहाला उघडते. खणायचे मशीन सकाळी सातला सुरू होते. हे त्या दोघांनाही ठाऊक आहे, पण घाबरलेल्या माणसाला घड्याळ आठवत नाही. मित्रांनो, हातातली वस्तू दुसऱ्याला देताना तिची खोडही सांगत जा. आणि तुमच्यापैकी कुणी या गल्लीत राहत असाल, तर कागदाची, पत्राची वाट पाहू नका. आत्ता जा आणि ते दार वाजवा. म्हाताऱ्याची खाट हलवायला दोन माणसे पुरतात.