पाय वाजता कामा नये

भाऊराव धुऱ्यांनी तापलेल्या विटेला फडकं गुंडाळलं, वर पाण्याचा हबका मारला आणि वनमालेची पोटरी उचलून वीट तिच्याखाली सारली. वनमालेनं दात आवळले.

"बूट घातले असतेस तर ही पाळी आली नसती," ते म्हणाले.

"बूट घातले की गुडघा सुजतो, बाबा."

"आणि काढले की पोटरी जाते. आगीतून उठायचं आणि फुफाट्यात पडायचं. याला पळणं म्हणतात होय?"

म्हातारा खरं बोलत होता. ती एकोणीस वर्षांची, कॉलेजात दुसऱ्या वर्षाला. पळायचं वेड तिला शाळेपासून. गणपतीच्या सुमाराला उजवा गुडघा असा धरला, की जिना चढताना कठड्याला लोंबकळावं लागे. किरोळ गावठाणातले व्हिक्टर सर तिला फुकट पळायला शिकवायचे. ते म्हणाले, महिनाभर बूट काढून पळून बघ. तिनं काढले आणि गुडघा खरंच गप्प बसला. पण बाकीच्या पायाला वाचा फुटली. पहिल्या आठवड्यात पोटऱ्या अशा भरल्या, की जिना बसून उतरावा लागला. मग चवड्यावर फोड आले. फोड वाळले तर टाच ठेचली. दिवाळीत पाऊल वरून एवढं सुजलं, की चप्पलसुद्धा चढेना. बरं वाटलं की पळायची आणि पळाली की आठ दिवस घरात. आता डिसेंबर लागला होता आणि पोटरी पुन्हा गेली होती.

आता कुणी म्हणेल, पोरगी अनवाणी पळाली तर बापाचं काय बिघडलं? भाऊरावांचं सगळंच बिघडत होतं.

घाटकोपरच्या भटवाडीत भाऊरावांना लोक त्यांच्या बुटांवरून ओळखत. काळे, नाडीचे, आरशासारखे. कुर्ल्याच्या गिरणीत जाताना बूट, बाजारात बूट, खाली सार्वजनिक नळावर बादली भरायलाही बूट. दर रविवारी घरातले सगळे जोड ओळीनं मांडून ते स्वतः पॉलिश करत. चाळीतली पोरं उघड्या पायांनी गोट्या खेळत. धुऱ्यांची पोरं बूट घालून गोट्या खेळत आणि त्यापायी मार खात. भाऊरावांचे स्वतःचे पाय मात्र चाळीत कुणी पाहिले नव्हते. वैशाखाच्या उकाड्यातही हा माणूस मोजे घालून झोपायचा. बायकोनं पाहिले होते, पण ती शहाणी होती, कधी बोलली नाही.

ते पाय वेंगुर्ल्याकडच्या एका खोताच्या निरोप्याचे होते. वयाच्या नवव्या वर्षापासून सोळाव्यापर्यंत भाऊरावांनी खोताच्या चिठ्ठ्या पोचवल्या होत्या. तीन-तीन कोस कातळाचा सडा, नुसता उघडा माळ, पळत जायचं, पळत यायचं, अनवाणी. वहाणा असत्या तरी उपयोग नव्हता. खोताच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, यांच्या लोकांनी वहाण घालून पाय टाकायची सोय नव्हती. अंगठा एकीकडे आणि बोटं दुसरीकडे, अशी पावलं फाकली होती. बोटीनं भाऊच्या धक्क्याला उतरल्यावर पहिल्या पगारात या माणसानं बूट घेतले आणि मनात ठरवलं, की माझ्या घरातलं कुणी अनवाणी उंबरा ओलांडणार नाही. ते त्यांनी पाळलं. निरोप्याची गोष्ट मात्र पोटच्या पोरांनाही सांगितली नाही.

म्हणून त्या दिवशी गॅलरीत शेजारच्या पद्मजाबाईंनी गाठलं, तेव्हा त्यांची पंचाईत झाली. पद्मजाबाईही वेंगुर्ल्याकडच्याच, आणि त्यांच्या तोंडाला दार नव्हतं.

"काय हो भाऊराव, पोरगी हल्ली अनवाणी दिसते ती? गिरणीत काही कमीजास्त झालंय का? सांगा हो, शेजारधर्म आहे."

"कमीजास्त कसलं? नवस आहे तिचा," भाऊराव बोलून गेले.

"कुणाचा?"

"वेतोबाचा," आणखी बोलून गेले.

आता आरवलीचा वेतोबा म्हणजे काय, ते पद्मजाबाईंना सांगायची गरज नव्हती. देव रात्रभर गावाची राखण करत फिरतो, त्याच्या चपला झिजतात, म्हणून माणसं त्याला हातभर लांब नव्या चपला वाहतात. उरलेलं त्यांनी स्वतःच जुळवलं.

"म्हणजे देवाच्या पायात चपला जाईपर्यंत आपल्या पायात काही नाही. काय निष्ठा आहे हो पोरीची. आणि लग्नाच्या वयाची मुलगी दुसरं मागणार तरी काय?"

संध्याकाळपर्यंत तिन्ही मजल्यांवर बातमी पोचली. बायका वनमालेच्या पायांकडे बघून हात जोडू लागल्या. तिसऱ्या दिवशी पद्मजाबाई सहदेव नावाच्या, रेल्वेतल्या मुलाची पत्रिका घेऊन आल्या. वनमालेला आधी हसू आलं आणि मग राग आला.

"देवाच्या नावानं खोटं बोललात, बाबा?"

"गप्प बस. नवस म्हटलं की लोक हात जोडतात. नुसतं अनवाणी म्हटलं की कीव करतात. माका ती कीव नको."

रागावले की भाऊरावांची मालवणी बाहेर यायची. एरवी ती बुटात असायची.

त्याच आठवड्यात व्हिक्टर सर घरी आले. मुलुंडच्या एका व्यायाम मंडळानं सव्वीस जानेवारीला मुलींसाठी पाच किलोमीटरची शर्यत ठेवली होती. आजवर मुलग्यांचीच व्हायची, मुलींची पहिल्यांदाच. सरांनी पोटरी दाबून पाहिली आणि मान हलवली.

"आणखी एकदा पाय गेला ना वनमाला, तर यंदाची रेस विसर. मी नाव काढून टाकीन. मला तुझी वाट लावायची नाहीये."

सर गेल्यावर वनमाला मोरीत जाऊन तोंड धुऊन आली. बराच वेळ धूत होती. भाऊराव पेपर उलटा धरून बसले होते, ते बायकोनं पाहिलं आणि काढून सरळ करून हातात दिला.

पोटरी बरी झाली त्या रविवारी भाऊराव पहिल्यांदा शाळेच्या मैदानावर गेले. बाजारात जातो म्हणून निघाले होते. कडेच्या पायरीवर पिशवी मांडीवर घेऊन बसले. वनमाला फेऱ्या मारत होती आणि सर शिट्टी फिरवत उभे होते. पहिली फेरी झाली, दुसरी झाली, आणि भाऊरावांना बसवेना. धप, धप, धप. लांबच लांब ढांगा आणि टाच आधी खाली. पोरीनं बूट पायातून काढले होते, चालीतून काढले नव्हते. गावी असं कुणी कातळावर पळालं असतं, तर अर्ध्या कोसात रडत बसलं असतं.

"वने, इकडे ये."

ती दचकून थांबली. "बाबा? तुम्ही इथे?"

"पाय वाजतोय तुझा."

"पळताना वाजणारच ना."

"वाजता कामा नये. जेवढा वाजेल तेवढाच मार जमीन परत देते. पाऊल लहान टाक. गुडघा सैल सोड. टाच शेवटी टेकली तर टेकली, आधी नाही. आणि आज दोनच फेऱ्या."

"दोन? मी दहा मारते."

"म्हणूनच घरी पडून असतेस. आज दोन, उद्या आराम, परवा तीन. सतरा-अठरा वर्षं पायात बूट होते तुझ्या. ते दोन महिन्यांत उतरतील काय?"

"घातले कुणी?" वनमाला म्हणाली.

भाऊराव पायरीवर मैदानाकडे पाठ करून बसले.

"मी बघणार नाही. तू पळ. मला ऐकू आलीस की हात वर करीन. हात वर गेला की चाल सुधार."

त्या दिवशी त्यांचा हात वर गेला तो जवळजवळ वरच राहिला. व्हिक्टर सर लांबून बघत होते. जवळ येऊन म्हणाले, "धुरी, तुम्ही कुठे शिकलात हे?"

"गिरणीत कान तयार होतो," भाऊराव म्हणाले.

तीस वर्षं मागाच्या खडखडाटात उभं राहून त्यांचा डावा कान कामातून गेला होता, हे सगळ्या चाळीला माहीत होतं. पण सरांनी वाद घातला नाही आणि वनमालेनंही नाही. ती फक्त एक दिवसाआड मैदानावर जायची आणि बाप पहिली पाळी नसेल तेव्हा पाठ करून बसायचा. फेऱ्या एकेक करून वाढल्या. पोटरी एकदा कुरकुरली, तेव्हा भाऊरावांनी चार दिवस पळणं बंद केलं आणि तिच्या डोळ्यांतलं पाणी पाहूनही ऐकलं नाही. पाचव्या दिवशी पोटरी मुकाट कामाला लागली.

जानेवारीच्या मध्यावर एका सकाळी ते असेच बसले होते. हात गुडघ्यावर होता. बराच वेळ काहीच ऐकू येईना, तेव्हा त्यांना वाटलं, पोरगी थांबली, परत काहीतरी दुखावलं. त्यांनी घाईघाईनं मान वळवली, तर वनमाला त्यांच्या खांद्यामागून वाऱ्यासारखी निघून गेली. मातीवर नुसती चवड्यांची नक्षी उठत होती. आपलं काहीतरी, जे फक्त लाजेचं म्हणून लपवलं होतं, ते पोरीच्या अंगावर इतकं देखणं दिसेल असं त्यांना वाटलं नव्हतं. घरी जाताना त्यांनी पाव किलो जिलेबी घेतली आणि कारण विचारल्यावर बायकोवर खेकसले.

सव्वीस जानेवारीला अर्धी भटवाडी मुलुंडला लोटली. पद्मजाबाई नारळ घेऊन आल्या होत्या. नवसाचं पळणं त्यांना चुकवायचं नव्हतं. तेवीस मुली पळाल्या. बावीस जणींच्या पायांत कॅनव्हासचे बूट होते. थोडा डांबरी रस्ता, थोडी डोंगराकडची खडी, आणि शेवटी मंडळाचं मैदान. मैदानात पहिली शिरली ती माटुंग्याची एक उंच मुलगी, आणि तिच्यामागे दहा पावलांवर वनमाला. शेवटपर्यंत तिनं ते अंतर कमी करत आणलं. फक्त दोन पावलं उरली. दुसरी आली. पण आली ती दोन्ही पायांवर सरळ उभी राहिली, लंगडली नाही. भाऊराव आधी तेच बघत होते. मग शेजाऱ्याच्या पाठीत त्यांनी असा धपाटा घातला, की त्याचा चष्मा पडला.

बक्षीस समारंभाला मंडळाचे अध्यक्ष ध्वनिक्षेपकासमोर उभे राहिले. माणूस वाईट नव्हता, भाषणाची हौस दांडगी होती.

"दुसरा क्रमांक, कुमारी वनमाला धुरी. मंडळी, या मुलीच्या पायांकडे बघा. पायात साधे बूट नाहीत. ज्या घरात लेकरांच्या पायात घालायला काही नाही, त्या घरातून हे रत्न आलं. आमचं मंडळ तिला ढालीबरोबर बुटांचा एक जोड भेट देत आहे. तिच्या वडिलांनी वर यावं."

टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांत च्च च्च मिसळलेलं होतं आणि ते भाऊरावांना उजव्या कानानं नीट ऐकू आलं. त्यांचं तोंड लाल झालं. पद्मजाबाईंनी कोपरानं ढोसलं.

"अहो, सांगा ना त्यांना नवसाचं. चांगलं ठणकावून सांगा."

भाऊराव मंचावर चढले. फळ्यांवर त्यांचे बूट खाडखाड वाजले. अध्यक्षांनी खोका पुढे केला, आणि देता देता त्यांची नजर खाली गेली. काळे, नाडीचे, आरशासारखे.

"तुमच्या पायात तर..." ते म्हणाले आणि थांबले. ध्वनिक्षेपक चालूच होता. मागे कुणीतरी हसलं. बापाच्या पायात बूट आणि पोरगी अनवाणी, एवढं सगळ्यांना दिसत होतं.

वनमाला बापाच्या जवळ सरकली. देवाच्या नावानं खोटं बोलल्याबद्दल तेव्हा आठ दिवस जी त्यांच्याशी धड बोलली नव्हती, ती हळूच म्हणाली, "सांगा बाबा, नवस आहे म्हणून. मी हो म्हणते."

भाऊरावांनी तिच्या पावलांकडे पाहिलं. धुळीनं भरलेली होती. अंगठा बाकीच्या बोटांपासून जरा सुटून, जमीन धरून उभा होता. हे त्यांच्या आजवर लक्षात आलं नव्हतं.

"नवस नाही," ते ध्वनिक्षेपकात म्हणाले. पुढच्या रांगेत पद्मजाबाईंचा हात नारळावरच थांबला. "आणि गरिबीही नाही. बूट घरात ढीगभर आहेत, मी स्वतः पॉलिश करतो." मग त्यांचा आवाज बदलला आणि शब्दही. "आमच्याकडे अशेच धावतत."

"आमच्याकडे म्हणजे कुणाकडे?" अध्यक्षांनी गोंधळून विचारलं.

भाऊरावांनी खोका त्यांच्या हातात परत ठेवला. शेजारची लोखंडी खुर्ची पुढे ओढली, सगळ्यांसमोर तिच्यावर बसले आणि खाली वाकून उजव्या बुटाची नाडी सोडू लागले. बूट काढून त्यांनी बाजूला नीट ठेवला, मग मोजा. दुसऱ्या पायाला हात घालताना त्यांना मुळीच घाई नव्हती.